पाणी आणणारीचा किल्ला

मुलींनी किल्ला करायचा नसतो, मुलींनी पाणी आणायचं असतं, हा कायदा आमच्या पुण्याच्या घरात दादाने केला होता. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि त्या चार वर्षांचा माज आयुष्यभर पुरवून वापरलेला. दिवाळीची सुट्टी लागली की इमारतीच्या मागच्या अंगणात विटा रचायच्या, त्यावर दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर लाल माती आणि मातीत अळीव. हे सगळं दादा आणि त्याचे मित्र करायचे. मी नळाखाली बादली भरायची, ओढत न्यायची, रिकामी झाली की परत भरायची. शेवटी महाराजांची मातीची मूर्ती सिंहासनावर बसवायचा मान दादाचा. मी एकदा जिन्याखाली माझा छोटा किल्ला केला तर त्याने त्यातले महाराज उचलून नेले. म्हणे, "महाराज एकच, किल्ला एकच, किल्लेदार एकच."

तेही मी सोसलं असतं. पण लोक किल्ला बघायला यायचे, कौतुकाने विचारायचे, "कुणी केला रे?" तेव्हा दादा छाती काढून म्हणायचा, "मी केला." आणि कुणी माझ्याकडे बोट दाखवलंच तर, "ही? ही पाणी आणत होती."

हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. लग्न झालं, दुबईला करामातल्या दोन खोल्यांत संसार मांडला, लेक झाली, भाडं परवडेना म्हणून शेजारच्या अजमानला समुद्राकाठी आलो, पन्नाशी उलटली, तरी तो खिळा काही निघाला नाही. नवरा म्हणायचा, "अगं, लहानपणीचं काय घेऊन बसलीस?" त्याला काय जातंय बोलायला. त्याला कुणी बादली दिली नव्हती.

आता अजमानचं सांगते. आमची इमारत कॉर्निशला, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याला, लागून आहे. नवरा पहाटे गाडी काढून दुबई इन्व्हेस्टमेंट पार्कातल्या कारखान्यात जातो, ट्रॅफिकला शिव्या घालत परत येतो, आणि या मधल्या वेळात समुद्र माझा असतो. बारा वर्षं मी रोज सकाळी या किनाऱ्यावर चालते. माझ्याबरोबर चालतात त्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या इंग्रज बाई. त्या इथल्या एका शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्या आणि इथेच राहिल्या. गोऱ्या, उंच, डोक्यावर कापडी टोपी, आणि नियमाला अशा पक्क्या की लिफ्टमध्ये कुणी ओली चप्पल घेऊन शिरलं तर शिरणारा जिन्याने जातो.

बाई मूळच्या इंग्लंडमधल्या एका समुद्राकाठच्या गावच्या. त्यांच्या गावाचं स्थानिक वर्तमानपत्र त्यांना अजून फोनवर येतं आणि चालता चालता त्या मला त्यातल्या बातम्या सांगतात. पहिल्या वर्षी मी फार आशेने ऐकायचे. विलायतेतलं गाव, काय काय घडत असेल! तर बातमी काय, समुद्रपक्ष्यांनी एका आजोबांच्या हातातले बटाट्याचे तळलेले काप पळवले. बाकांना हिरवा रंग द्यायचा की निळा, यावर गावात भांडण पेटलं. उन्हाळ्यात वाळूवर कुत्री आणावीत की नाहीत, यावर सभा झाली. आणि बाहेरगावचे लोक सुट्टीच्या दिवशी येऊन आमच्या दारात गाड्या लावतात, ही तक्रार तर दर आठवड्याला.

"अहो, हे तर आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज चालतं!" मी म्हणाले. खरंच. दुबईहून आलेल्या गाड्या, वाळूत टाकलेले शावर्माचे कागद, मांजरांना खायला कोण घालतं, लिफ्टमध्ये वाळू कुणी सांडली. जगात कुठेही जा, समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाचं दुःख एकच: समुद्र सगळ्यांना हवा असतो आणि गाडी लावायला जागा आपलीच असते.

त्यांच्या गावात दरवर्षी वाळूच्या किल्ल्यांची स्पर्धा होते, हेही बाईंनीच सांगितलं. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की इथेही करायची. नगरपालिकेची परवानगी काढली, तिथला एक अधिकारी परीक्षक म्हणून येणार असं ठरवून घेतलं, ग्रुपवर नियम टाकले. वापरायचं ते फक्त वाळू, पाणी आणि किनाऱ्यावर सापडेल ते. एका कुटुंबाचा एकच किल्ला. तारीख पडली शनिवारची आणि तो शनिवार नेमका भाऊबीजेचा.

त्याच दिवाळीला दादा आमच्याकडे आला होता. बँकेतून निवृत्त झालेला, वहिनीचा गुडघा दुखतो म्हणून तिला पुण्याला ठेवून एकटाच आलेला, आणि आल्या दिवसापासून प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत करून मोठ्याने हळहळणारा. दादा म्हणजे उंटावरचा शहाणा, आणि इथे तर उंटही मिळाला.

स्पर्धेचं कळल्यावर त्याचे डोळे चमकले. त्याने बॅग उघडली. आत कपड्यांत गुंडाळलेले मातीचे मावळे, तोफा आणि सिंहासनावरचे महाराज.

"भाचीला किल्ला दाखवायचा म्हणून आणले होते," तो म्हणाला. "आता बघच. पुण्याचा किल्ला काय असतो ते या लोकांना दाखवतो."

"दाखवतो?" मी विचारलं.

"दाखवतो म्हणजे आपण दाखवू. तू असशीलच की मदतीला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाहुणा, त्यातून भाऊ, त्यातून दिवाळी. मी फराळाचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. त्याने माझ्या स्वयंपाकघरात ओल्या फडक्यावर अळीव पेरले, खाली वॉचमनकडून तांदळाची रिकामी पोती मिळवली. मी नियम वाचून दाखवले तर म्हणाला, "असले नियम कुणी पाळत नाही."

शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही वाळूवर हजर. एक केरळी कुटुंब दीपस्तंभ करणार होतं, काही फिलिपिनो मुली कासव, आणि एक इजिप्तचे गृहस्थ, अर्थातच, पिरॅमिड. बाई शिट्टी गळ्यात घालून फिरत होत्या. आमच्यापाशी आल्या, पोती बघितली, अळीव बघितले, मावळे बघितले आणि सगळं एका बाकावर नेऊन ठेवायला लावलं.

"परीक्षण झाल्यावर काय हवं ते ठेवा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तोपर्यंत वाळू आणि पाणी. टीमचा प्रमुख कोण?"

दादाने हात वर केला. मी तोंड उघडेपर्यंत शिट्टी वाजली होती.

"ही कोण आम्हाला किल्ला शिकवणार!" दादा पुटपुटला आणि कामाला लागला. जागा कुठली निवडली? पार वर, बाकांच्याही मागे, कोरड्या भुसभुशीत वाळूत. का, तर किल्ला डोंगरावर असतो. पुण्याच्या माणसाला किल्ला म्हटलं की सिंहगडच दिसतो, समोर अख्खा समुद्र का पसरलेला असेना. त्याने वाळूचा ढीग करायला घेतला. एक फावडं वर टाकलं की दोन फावडी खाली घसरायची. विटा नाहीत, गोणपाट नाही, चिखल नाही. त्याच्या सगळ्या विद्येचा आधार बाकावर ठेवला होता.

"पाणी कमी पडतंय," तो म्हणाला. "पाणी आण."

मी गेले. खरंच सांगते, मी बादली उचलली आणि गेले. समुद्र लांब, बादली जड, वर चढताना पाय रुतायचे. आणून ओतली की ती कोरडी वाळू सगळं पिऊन टाकायची आणि दादा म्हणायचा, "आण अजून." अशा किती खेपा झाल्या कोण जाणे. मग एकदा बादली भरून उभी राहिले आणि पाण्यात मला माझाच चेहरा दिसला. केस पांढरे झालेली बाई, पदर खोचलेला, हातात बादली. अगं बाई, म्हटलं, हे काय चालवलंयस तू?

मी वर गेले आणि भरलेली बादली दादाच्या पायाशी ठेवली.

"दादा, यापुढे मी पाणी आणणार नाही."

"मग कोण आणणार?"

"तू आण."

तो हसला. "मग किल्ला कोण करणार?"

"मी करणार," मी म्हणाले. "तुझा तू कर, माझा मी करते. बाईंना एकच चालतो ना? शेवटी जो उभा असेल तो आपला."

त्याला वाटलं मी फणकाऱ्याने बोलतेय, दोन मिनिटांत येईन परत. माझा नवरा दोन्ही दरबारांचा अंदाज घेऊन कडक चहा आणायला पळाला. लेक मात्र माझ्या मागे आली. "ममा, आय अ‍ॅम विथ यू," ती म्हणाली, "बट डू यू हॅव अ प्लॅन?"

प्लॅन होता. बारा वर्षं मी या किनाऱ्यावर नुसते पाय हलवले नव्हते. अमावास्या उलटली की पाण्याला उधाण येतं, एरवी जिथे थांबतं त्याच्या बरंच वर चढतं, दुपारच्या सुमाराला सगळ्यात वर असतं आणि वाळलेल्या शेवाळाची एक काळी रेघ मागे ठेवून जातं. लक्ष्मीपूजनाची अमावास्या नुकतीच झाली होती. कालची रेघ तिथेच होती. खाली ओल्या सपाट वाळूत दीपस्तंभ चालला होता, कासव चाललं होतं, पिरॅमिड चालला होता. तिघेही पाण्यात जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मी पिरॅमिडवाल्यांना जाऊन सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "इन्शाल्ला, काही होत नाही."

मी रेघेच्या किंचित खाली जागा धरली. मला पाणी यायलाच हवं होतं, पण माझ्या दारापर्यंतच. मला डोंगरी किल्ला करायचाच नव्हता. मला जलदुर्ग करायचा होता.

आणि वाळू? तिचं सांगते. वाळूत पाणी किती घालायचं हे पुस्तकात नसतं. मूठ आवळायची. फुटली तर पाणी कमी, ओघळली तर जास्त, आणि मूठ उघडल्यावर लाडू जसाच्या तसा राहिला की जमलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातच रव्याचे लाडू वळलेला हात होता माझा. दादाने उभ्या जन्मात लाडू फक्त खाल्ले.

लेकीने भराव घातला, मी पायांनी तुडवून घट्ट केला. आधी गोल चौथरा, मग काठाने तट, तटाला बुरूज. जेवणाच्या डब्याचं झाकण घेऊन मी बुरूज कापून काढले. दरवाजा समोर ठेवला नाही. दोन बुरुजांच्या वळणात लपवला, आपल्या किल्ल्यांचा असतो तसा, की शत्रूला जवळ येईपर्यंत वाट कळू नये. भोवती खोल चर खणला आणि त्या चराचं एक तोंड समुद्राच्या बाजूला उघडं सोडलं. तटावर शिंपल्यांची रांग लावली. मला कशाचं भान नव्हतं. मी अंगणातल्या त्या जिन्याखाली होते आणि या वेळी माझे महाराज कुणी उचलून नेणार नव्हतं.

मागे धप्प असा आवाज झाला. सिंहगड बसला होता. नुसता ढीग, आणि ढिगापाशी कमरेवर हात ठेवून उभा असलेला माझा भाऊ. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू, चांगलं पोट धरून हसले. मग तो वाकला, बादली उचलली, खाली समुद्रापर्यंत गेला, भरली आणि धापा टाकत माझ्यापाशी आला.

"कुठे ओतू?" त्याने विचारलं.

साधे दोन शब्द. माझा भाऊ मला विचारत होता.

"तटाच्या आतून," मी म्हणाले. "हळू. धार लावू नकोस, शिंपड."

"बरं," दादा म्हणाला आणि शिंपडायला लागला.

अकराला परीक्षण होतं. पण नगरपालिकेचे अधिकारी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि समुद्राला ट्रॅफिक नसतो. पाणी वर चढू लागलं. पहिलं कासव गेलं, मुली ओरडल्या आणि मग खिदळत स्वतःच त्यावर नाचल्या. मग दीपस्तंभ वाकला. पिरॅमिडवाले पँट दुमडून हातांनी लाटा अडवत होते, तरी त्यांचा एक कोपरा विरघळलाच. "खलास!" म्हणून ते वाळूतच बसले.

आता पाणी आमच्याकडे निघालं. दादा घाबरला. "अगं, येतंय! तोंड बुजव! बांध घाल!" आणि फावडं घेऊन चराचं तोंड बंद करायला धावला.

मी त्याचं मनगट धरलं. "थांब. येऊ दे."

"वाहून जाईल सगळं!"

"येऊ दे म्हणते ना!"

तोंडाने म्हटलं खरं, पण त्याचं मनगट मी सोडलं नव्हतं. एक लाट अलीकडेच थांबली. दुसरी चराच्या तोंडाला शिवून गेली. तिसरी आत शिरली, डावीकडून आणि उजवीकडून वळली आणि किल्ल्यामागे दोन्ही धारा एकमेकींना मिळाल्या. चर भरला. चहूबाजूंनी पाणी आणि मधोमध माझा किल्ला, उभा! समुद्राकडचा एक बुरूज थोडा खचला. "दादा, लाडू!" मी ओरडले, आणि त्याला बरोबर कळलं. त्याने ओल्या वाळूचे गोळे वळून वळून माझ्या हातात दिले, मी ते बुरुजाच्या पायाशी दाबून बसवले. पुढच्या लाटा आल्या, तटाखाली फेस सोडून गेल्या. तट हलला नाही.

अधिकारी पोचले तेव्हा किनाऱ्यावर धड उभा असा एकच किल्ला होता. पण ते काही दुरून बघून मोकळे झाले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, अंगातला लांब पांढरा कंदुरा गुडघ्यापर्यंत उचलला आणि पाण्यात उतरून किल्ल्याला पूर्ण फेरी मारली. दरवाजा त्यांना सापडेना. मी दाखवला, तेव्हा वाकून बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "माशाल्ला!"

"पाणी येणार हे तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "मी इथलीच आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही, पण निघालं आणि खरं होतं.

बाईंनी शिट्टी वाजवली आणि पहिलं बक्षीस जाहीर केलं. त्यांच्या गावात बक्षीस म्हणून जे देतात तेच त्यांनी इथे केलं होतं: सोनेरी रंग दिलेली एक बादली. बादली! माझ्या हातात सोन्याची बादली! मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. बाईंना काही कळेना. लेकीने त्यांना इंग्रजीत सगळी कथा सांगितली, अंगण, जिना, नळ, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं, दादाकडे एकदा चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या बक्षिसाकडे वळल्या.

परीक्षण झालं होतं, आता काहीही ठेवायची मुभा होती. दादा बाकाकडे गेला. मावळे घेऊन येईल वाटलं, तर फक्त महाराजांना घेऊन आला. पाण्यातून चालत आला आणि ती मूर्ती माझ्यापुढे धरली.

"बसव," तो म्हणाला.

मी दोन्ही हातांनी महाराजांना मधल्या चौथऱ्यावर बसवलं. नवरा चहाचे पेले घेऊन उभा होता, चहा केव्हाच गार झाला होता. लेक फोटो काढत होती. पिरॅमिडवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांचं बघून सगळ्यांनी वाजवल्या.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. पुण्याहून वहिनीचा व्हिडिओ कॉल, भाऊबीजेची चौकशी करायला. दादाने फोन किल्ल्याकडे वळवला. पाणी, तट, शिंपले, महाराज. वहिनीच्या मागे आमची सगळी गँग जमली होती, तिकडचे भाचे, पुतणे, शेजारच्या काकूसुद्धा, अंगणातला किल्ला पाहिलेल्या.

"अगंबाई, काय देखणा झालाय!" वहिनी म्हणाली. "तुम्हीच केलात ना हो?"

मी सोनेरी बादली धरून उभी होते. दादाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा किल्ल्याकडे.

"नाही," तो म्हणाला. "हिने केला. मी पाणी आणत होतो."

वारा होता, लाटा होत्या, तिकडे काही नीट पोचलं नाही. "काय म्हणालात? ऐकू आलं नाही!" वहिनी ओरडली. मग माझ्या भावाने फोन तोंडाजवळ धरला आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं, "किल्ला हिने केला! मी पाणी आणत होतो!"